कडूबाईंची भूक

सास्तूर, ता. लोहारा
२८ सप्टेंबर २०२५

ज्या बाईच्या हाती हे गाठोडं येईल तिला,

तुझं नाव माहीत नाही, म्हणून नुसतं बाई म्हणते. माझी साठी उलटली आहे, तेव्हा अरेतुरे केलं तर राग मानू नकोस.

गाठोड्यात कडक भाकरी आहे. तुमच्या परंड्याकडं करतात का नाही, ठाऊक नाही. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि मग चुलीच्या कडेला उभी करून पार वाळवायची. पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. तुमच्याकडच्या पुराची बातमी आल्यावर आमच्या गल्लीत दोन दिवस चुली विझल्या नाहीत. सोबत शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी आहे. साडी नवी आहे. परकरही टाकलाय. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आम्हाला साड्यांचे ढीग आले, स्वेटर आले, एका खोक्यात तर नुसते टाय निघाले. परकर मात्र कुणी पाठवला नाही. मागायचा कुणाला? मदत घेऊन येणारे सगळे बाप्ये.

उत्तर लिहायलाच पाहिजे असं नाही. लिहावंसं वाटलं तर टेम्पोवाल्या रुद्रेशकडं दे, माझा पुतण्या आहे, दर तीन-चार दिवसांनी तुमच्याकडं खेप करतो. फोन नंबर देत नाही, कारण मला ऐकू येत नाही. भूकंपात मातीखाली होते, तेव्हापासून कान गेले. पण बालवाडीत शिकवत होते, त्यामुळं लिहायला-वाचायला हात आणि डोळे शाबूत आहेत.

शिवगंगा


चांदणे वस्ती, ता. परंडा
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

शिवगंगा मावशी,

गाठोडं मला मिळालं. माझं नाव दीपमाला. परकर पाहून आमच्या खोलीतल्या सगळ्या बाया हसल्या. तुम्हाला कसं कळलं, असं एकमेकींना विचारत होत्या.

सीना नदीचं पाणी झोपेतच दारात आलं. वस्तीतल्या लिंबाजी तात्यांनी ट्रॅक्टर काढला आणि ट्रॉलीत उभं करून सगळ्यांना माळावरच्या शाळेत आणलं. अंगावरच्या कपड्यांनिशी आलो. आमच्या दोन म्हशी दावणीलाच गेल्या. घराची मागची भिंत पडली, आत गुडघाभर गाळ आहे. माझे मालक, कुलदीप, दिवसभर गाळ काढतात.

पण मी लिहितेय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. माझ्या सासूबाई, कडूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, जेवत नाहीत. बोलतही नाहीत. मावशी, तुम्ही त्यांना आधी ऐकायला पाहिजे होतं. (ऐकू येत नाही हे विसरले, माफ करा.) आत्यांनी अंगणातून हाक मारली की नदीपलीकडच्या वस्तीतली म्हातारी ओ द्यायची. त्या आता तोंडावर पदर घेऊन कोपऱ्यात बसतात. शाळेत सगळी पुरुषमाणसं, त्यांचे थोरले दीरही, म्हणून पदर घेत असतील. पहिल्यांदा वाटलं नवरात्राचे उपवास आहेत. आज सगळ्यांनी उपास सोडला, त्यांनी ताट सरकवून दिलं. चहा घेतात, वरणाचं पाणी घेतात. गाल आत गेलेत. रोज दुपारी उठून पडक्या घराकडं जातात आणि गोठ्याजवळ बसून राहतात. सगळे म्हणतात, म्हशींचं दुःख आहे. दवाखान्याच्या गाडीतल्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं.

तुम्ही यातून गेला आहात. तुम्ही परत जेवायला कधी लागलात? कशानं लागलात? तेवढं सांगा.

दीपमाला


सास्तूर
५ ऑक्टोबर २०२५

दीपमाला,

तुझं पत्र शेजारच्या शिवलीलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अक्का, तुमच्या सासूचंच वर्णन आहे हे.

खरं आहे. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला लागलो तेव्हा आम्हाला दोन्ही वेळचं शिजवलेलं मिळायचं. पुरी-भाजी, पिवळा भात, कधी बुंदी. माझी सासू घासभर खायची आणि ताट बाजूला सारायची. मला (तोवर मी ओठ बघून ओळखायला शिकले होते) म्हणायची, पोरी, आपण कुणाच्या लग्नाला आलोय का गं? रोज उठून दुसऱ्याच्या हातचं खायचं म्हणजे पाहुणं व्हायचं. पाहुण्याला किती दिवस भूक लागणार? मग कुणीतरी आम्हाला चुलीपुरत्या विटा आणि ज्वारीचं पीठ दिलं. सासूनं भाकरी थापली, पहिली विस्तवाला दिली, दुसरी स्वतः खाल्ली. त्या दिवसापासून घर सुरू झालं, भिंती नंतर आल्या.

तेव्हा तुझ्या आत्यांना कोपऱ्यातून उठव. रुद्रेशबरोबर तवा, परात आणि पीठ पाठवते आहे. शाळेच्या मागं तीन दगड मांड आणि त्यांना म्हण, आत्या, मला जमत नाही, तुम्ही थापा. जमत असलं तरी तसंच म्हण. हातात पीठ आलं की माणूस जेवतं. याबाबतीत माझी खात्री आहे.

शिवगंगा


चांदणे वस्ती
९ ऑक्टोबर २०२५

मावशी,

तुम्ही सांगितलं तसं केलं. चूल मांडली. आत्या लगेच उठल्या. धूर लागतो म्हणून तोंडाला फडकं बांधलं, बाजरी काढताना बांधतो तसं, आणि परात ओढून घेतली. मावशी, काय भाकरी थापल्या. चंद्रासारख्या गोल, एकसारख्या. शाळेतल्या सगळ्या बिऱ्हाडांना पुरल्या. लिंबाजी तात्या म्हणाले, "वहिनी, आज जेवल्यासारखं वाटलं बघा." आत्यांचे डोळे हसले.

आणि स्वतः एक तुकडासुद्धा तोंडात घातला नाही.

त्यावरून कुलदीपचा तोल गेला. सगळ्यांदेखत म्हणाले, "आई, म्हशी गेल्या तर गेल्या. आता तुला घालवून बसू का आम्ही?" मग स्वतःच घास केला आणि त्यांच्या तोंडात दिला. त्यांनी घेतला. नंतर मी पाहिलं, शाळेच्या मागं जाऊन तोच घास त्यांनी कुत्र्यापुढं टाकला. बाया म्हणायला लागल्या, म्हातारीनं देवीला काहीतरी कबूल केलंय.

काल हापशावर चक्कर येऊन बसल्या. डॉक्टर म्हणतात असंच राहिलं तर बार्शीला नेऊन सलाईन लावावं लागेल. एक गोष्ट मात्र मला कळत नाही. मी ताकातली आंबील केली होती, ती त्या भिंतीकडं तोंड करून घटाघटा प्यायल्या, सगळं पातेलं. मी जवळ गेले तर गडबडीनं पदर ओढला. ज्याला मरायचंय ते माणूस पातेलं पुसून पितं का?

मला भीती वाटते, मावशी. कुलदीप आता त्यांच्याशी बोलत नाहीत.

दीपमाला


सास्तूर
१० ऑक्टोबर २०२५

दीपमाला,

हे पत्र कुणासमोर मोठ्यानं वाचू नकोस. रुद्रेश आज मुद्दाम येतोय. त्याला चहा पाज आणि तू बाजूला जाऊन वाच.

माझं चुकलं. मी माझ्या सासूची गोष्ट तुझ्या सासूला चिकटवली.

तू लिहिलंस की भाकरी थापताना त्यांनी तोंडाला फडकं बांधलं. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. पिकात फडकं बांधतात, बरोबर. पण चुलीपुढं बसलेली बाई तोंड झाकायचं म्हटलं की पदर दातांत धरते. दोन्ही हात पिठात असतात, दुसरं काय करणार? माझ्या आईनं, सासूनं, मी, तू, सगळ्यांनी जन्मभर तेच केलंय. फडकं कोण बांधेल? जिला पदर दातांत धरता येत नाही ती.

तुझ्या आत्यांचे दात आहेत का गं?

मला मातीतून काढलं तेव्हा लोक येऊन विचारायचे, नाव काय, घरातलं कोण गेलं. मला काही ऐकूच येत नव्हतं, मी नुसती बघत बसायची. सगळ्यांनी ठरवलं, धक्क्यानं हिची वाचा गेली. एक डॉक्टरीणबाई रोज येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. मला कळत होतं की कान गेलेत. पण गावात चिता विझत नव्हत्या, दीर गेला होता, शेजारचं अख्खं घर गेलं होतं. त्यात मी कुठल्या तोंडानं म्हणू, माझ्या कानांचं बघा? शेवटी एकीनं माझ्या मागं थाळी वाजवली आणि मी वळले नाही, तेव्हा कळलं.

त्यांना भूक आहे, दीपमाला. त्यांना लाज वाटते आहे. चारचौघांत विचारू नकोस आणि कुलदीपसमोर तर नकोच.

शिवगंगा


चांदणे वस्ती
१२ ऑक्टोबर २०२५

अक्का,

(शिवलीलाताई तुम्हाला अक्का म्हणतात ना, मीही म्हणते.)

तुमचं पत्र वाचलं. आत्यांना कवळी होती. तीन वर्षांपूर्वी कुलदीपनं बार्शीहून करून आणली होती. रात्री काढून स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवायच्या. ती वाटी रोज सकाळी मी घासत होते, अक्का. पाणी आलं तेव्हा त्यांना झोपेतनं उठवून ट्रॉलीत घातलं ते मीच. वाटी फळीवर राहिली. इतके दिवस त्यांच्याशेजारी झोपतेय आणि माझ्या मनात एकदाही आलं नाही.

लिंबाखाली बसून त्यांची वेणी घालत होते. पाठमोऱ्या होत्या, म्हणून विचारायला धीर झाला. म्हटलं, "आत्या, वाटी घरातच राहिली का?"

मग एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला. बोबडा, ओठांतल्या ओठांत. म्हणाल्या, "गाळ उपसून बघितला गं. गावंना."

अक्का, त्या म्हशींसाठी गोठ्याशी बसत नव्हत्या. काठी घेऊन चिखलात दात शोधत होत्या.

मी म्हटलं, "मग सांगायचं न्हाय का आम्हाला?"

"कुणाला सांगू? ते मदतवाले आले तवा एकेकाला इचारत व्हते, काय गेलं. कुणी म्हनलं घर, कुणी म्हनलं बैल. माझी पाळी आली. म्या दात गेले म्हनू व्हय? समदी हसली असती. आन कुलदीपनं किती हौसेनं केलते. त्येला न्हाय सांगायचं. माझ्या गळ्याशपथ."

मग म्हणाल्या, "दात नव्हते तवा बाया मला बोळकी म्हनायच्या. बसवले तवा इकतचे दात म्हनून हसल्या. आता बोळकी बघायला परत गोळा व्हतील." सांगताना त्याच जरा हसल्या. मी मागून त्यांना धरलं. वेणी सुटली ती तशीच राहिली.

आता मी दोन साड्यांचा आडोसा बांधलाय. त्याच्यामागं बसून त्या दुधात कुस्करलेली भाकरी खातात. आजच्या दिवसात दोनदा खाल्लं. चक्कर थांबेल. पण आडोशाबाहेर आल्या की पुन्हा पदर आणि पुन्हा मुक्या. कुलदीप अजून रागातच आहेत. त्यांना वाटतं आई हट्ट करतेय. खरं सांगता येत नाही, शपथ घातलीय. मी कशी सोडवू हे?

दीपमाला


सास्तूर
१४ ऑक्टोबर २०२५

दीपमाला,

शपथ मोडू नकोस. मोडायची गरजही नाही.

इथं आमच्या भागात दाताचे डॉक्टर येतात, वयस्कर माणसांच्या कवळ्या करून देतात. शिवलीलानं जाऊन विचारून ठेवलंय. दोन-तीन वेळा माप द्यायला लागतं, म्हणून राहायला यावं लागेल. रुद्रेशचा टेम्पो तुमच्याकडून रिकामाच परत येतो. भाऊबीज झाली की त्यांना त्यात बसवून दे.

कुलदीपला सांग, सास्तूरच्या म्हातारीला भाकरी थापणारं माणूस कमी पडतंय आणि आत्यांच्या हाताचं नाव इथपर्यंत आलंय. त्यात खोटं काही नाही. रुद्रेशनं त्या दिवशी दोन खाल्ल्या होत्या, अजून सांगत असतो.

आत्यांना सांग, घरात मी एकटीच आहे. आणि मी बहिरी आहे हे नक्की सांग.

शिवगंगा


सास्तूर
३ नोव्हेंबर २०२५

दीपमाला,

तुझ्या आत्या टेम्पोतून उतरल्या त्या पदराचं टोक नाकापर्यंत ओढूनच. रुद्रेश गेला, दार लावलं. मी त्यांना खुणेनं सांगितलं की मला ऐकू येत नाही. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, माझ्या कानाशी येऊन एकदा जोरात ओरडून खात्री करून घेतली आणि पदर खाली सोडला. तेव्हापासून बोलतायत.

काय बोलतात ते मला निम्मंच कळतं. ओठ बघून बोलणं ओळखायची मला सवय आहे, पण बिनदाताच्या ओठांचा सराव नव्हता. त्यांचं काही अडत नाही. म्हशींबद्दल बोलताना हातांनी शिंगं करतात आणि रडतात, तेवढं कळतं. म्हशींचं दुःख होतंच गं, फक्त ते जेवणाआड येत नव्हतं. मी माझ्या दिराचं सांगितलं, सासूचं सांगितलं. संध्याकाळी ओट्यावर बसतो तेव्हा शिवलीला भिंतीपलीकडून बघते आणि म्हणते, एकीला ऐकू येत नाही, दुसरीचं कुणाला कळत नाही, आणि तुमच्या गप्पा संपत नाहीत.

पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाला, "आजी, आ करा." त्यांनी आधी खोलीतल्या दोन्ही मदतनीस पोरींना बाहेर काढायला लावलं, मग आ केला. माप घ्यायला तोंडात गुलाबी लगदा भरला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, हे मला पूर्ण कळलं, "लई दिसांनी तोंडभर घास मिळाला, तो बी थुकायचा."

आमच्याकडं मांसमच्छी चालत नाही हे त्यांना पसंत नाही. रोज आमटीत बोट बुडवून बघतात आणि सुस्कारा टाकतात. दात बसले की पहिलं मटण, असं मला तीनदा बजावलंय. तुमच्या दारात न्हाय, घाबरू नगा, असंही.

एक गोष्ट त्यांनी विचारली. म्हणाल्या, बहिरेपणाचं तुम्ही किती दिवसांनी सांगितलं? मी सांगितलं, मी सांगितलंच नाही, दुसरीनं ओळखलं. मग म्हणाल्या, "लिंबाजीचा चष्मा गेलाय. सही करताना कागद नाकाला लावतो आन म्हनतो, उजेड कमी हाय."

दात पुढच्या आठवड्यात मिळतील. त्यांना तुमच्याकडं पाठवायचं माझ्या जिवावर आलंय, पण ते त्यांना सांगू नकोस, थांबतील.

शिवगंगा


चांदणे वस्ती
१७ नोव्हेंबर २०२५

अक्का,

आम्ही घरी राहायला आलो. मागच्या भिंतीला अजून पत्राच आहे, पण चूल घरात आहे.

आत्या आल्या त्या दिवशी कुलदीप दारात उंबरा बसवत होते. टेम्पो थांबला तरी वर बघितलं नाही. महिनाभर धड बोलणं नव्हतं ना. आत्या खाली उतरल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या बापानं असा उंबरा बसवला व्हता का रं? वाकडा हाय त्यो."

कुलदीपच्या हातातून थापी पडली. उठून जवळ गेले, त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. म्हणाले, "आई, दात?"

"नवे हैत. तुझे सीनाबाईनं नेले. तिला बी काहीतरी लागतंच की."

"म्हंजी तू... एवढे दिवस त्याच्यापायी जेवत नव्हतीस? मला सांगायचं न्हाय?"

"तू घास भरवत व्हतास तवा सांगनार व्हते. तू चावून दिला असतास व्हय?"

अक्का, ते तिथंच गाळात बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. आत्या त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या होत्या. नंतर मला म्हणाल्या, म्या त्येला उगीच भ्याले.

परवा ब्लँकेटं घेऊन एक गाडी आली होती. आत्यांनी त्यातल्या मुलीला पारावर बसवलं आणि म्हणाल्या, "ब्लँकेट लई झाले, बाई. आता ल्हान ल्हान गोष्टी सांगते त्या आना." लिंबाजी तात्यांचा चष्मा सांगितला. खालच्या घरातल्या गुंडप्पा आजोबांची कमरेची पट्टी सांगितली, कसल्या तरी लाजेनं ते बारा महिने सदऱ्याआत लपवायचे. वस्तीतल्या बाया ऐकत होत्या. हळूहळू एकेक जवळ सरकली आणि आत्यांच्या कानात सांगायला लागली. काय ते मला माहीत नाही, मला विचारू नका. आत्यांनाच माहीत आहे आणि त्या मुलीला.

रविवारी मटण झालं. त्यांनी नळी फोडून खाल्ली. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं होतं, पण डॉक्टर सास्तूरला आहेत.

त्यांना तुम्हाला काहीतरी कळवायचंय. म्हणतात तसं लिहिते:

शिवगंगाबाई, म्या कडूबाई. तुमची आमटी बेचव व्हती, पर तुमच्या वट्यावर मला झोप लागायची. मार्गेसरात याळ आमावस्या हाय, रानात पूजा असती. आमच्या रानात माती ऱ्हायली न्हाय, कातळ उघडा पडलाय, पर कडब्याची कोप तिथंच घालनार. समद्या भाज्यांची भज्जी करू, आंबील करू, मटण करनार न्हाय. तुमी या. रुद्रेशला सांगा टेम्पो रिकामा आनू नगं, तुमाला घिऊन यि. ऐकू येत न्हाय ही सबब चालायची न्हाय, माझं तुमाला ऐकू येतंय.

एवढं सांगून त्या बाहेर अंगणात गेल्या. आता तिथून ओरडतायत की पोस्ट बंद होईल, किती लांबड लावतीस, बापाच्या घरी कागद फुकट मिळायचा का. नदीपलीकडून म्हातारीनं विचारलंसुद्धा, काय झालं गं कडूबाई. पत्र खरं तर मघाशीच संपलं आहे. मी मुद्दाम अजून दोन ओळी लिहीत बसले आहे.

तुमची,
दीपमाला